पश्तोतला संकोच आणि इंग्रजीचा आडोसा

बर्मिंगहॅममधील एका रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात मी परिचारिका आहे आणि आमच्याकडे पाकिस्तान-अफगाणिस्तानातल्या पेशावर, स्वात, जलालाबादकडच्या, पश्तो भाषा बोलणाऱ्या पश्तून (पठाण) स्त्रिया नेहमी येतात. इथेच वाढलेल्या मुली सोबतच्या बहिणीशी वा जावेशी अखंड पश्तोत बोलत असतात. पण पाळीचा किंवा शरीरसंबंधांचा विषय निघाला, की 'पीरियड्स', 'सेक्स' हे शब्द तेवढे इंग्रजीतून येतात. यात मिरवणे मुळीच नसते. पश्तून घरात 'हया', म्हणजे लाजमर्यादा, हा घराण्याच्या अब्रूचा भाग असतो आणि असे शब्द पश्तोतून उच्चारणे म्हणजे वडीलधाऱ्यांसमोर उच्चारण्यासारखेच. इंग्रजीच्या आडोशाने हा विषय निभावून नेता येतो.

पश्तोतही झाकून बोलण्याची रीत आहेच. गरोदर स्त्रीला 'उमेदवारा', म्हणजे आशा बाळगणारी, म्हणतात. आपल्याकडे 'दिवस गेले' म्हणतात तसेच. पत्नीचे नाव परक्यांसमोर न घेणारे पुरुष तर मी रोज पाहते. अफगाणिस्तानात याच प्रथेविरुद्ध स्त्रियांनी 2017 साली 'माझे नाव कुठे आहे?' ही मोहीम सुरू केली आणि 2020 साली ओळखपत्रावर आईचे नाव घालण्याची कायदेशीर तरतूद झाली. पतीचे नाव उखाण्यातच घेणाऱ्या आज्यांच्या घरात वाढलेल्या मला यात परके असे काही वाटत नाही.

बोस्टनमध्ये राहणाऱ्या तुर्की भाषकांवरचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. निषिद्ध शब्द आणि विशेषतः लहानपणी खाल्लेली बोलणी मातृभाषेतून ऐकताना त्यांच्या त्वचेवर नोंदवला जाणारा भावनिक प्रतिसाद इंग्रजीतल्यापेक्षा तीव्र होता. आमच्या विभागातल्या मुलींचे वागणे मला त्यावरून अधिक उमगले.

मात्र हा आडोसा बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोघांनाही इंग्रजी येत असेल तरच उपयोगी पडतो. केवळ पश्तो जाणणाऱ्या आईसोबत तरणा मुलगा दुभाषा म्हणून येतो. 'रक्तस्राव कधीपासून होतो?' हा माझा प्रश्न त्याला इंग्रजीत सहज कळतो, पण आईला तो पश्तोत विचारायची वेळ आली, की त्याची मान खाली जाते आणि 'तब्येत कशी आहे?' एवढेच तो विचारतो. आईही 'बरी आहे' म्हणते, आणि महत्त्वाचे लक्षण नोंदीत येतच नाही. म्हणून मी मुलाला बाहेर बसण्याची विनंती करते आणि फोनवर स्त्री दुभाषाच मागते, मग त्यासाठी अर्धा तास थांबावे लागले तरी चालेल.