४०० मधलं नाव

सकाळच्या मेलमध्ये दोनच ओळी होत्या. एका लेखिकेने लिहिलं होतं, ‘तुमच्या कॅटलॉगमध्ये माझं नाव शोधलं की खाली माझं जुनं नावही येतं. ते काढता येईल का?’ खुशाली नाही, प्रस्तावना नाही. असे मेल मला फार आवडतात.

मी ग्रंथालयाची संगणकप्रणाली सांभाळते. क्वीअर आहे, ऑटिस्टिकही आहे. ‘स्वमग्न’ हा शब्द मला पटत नाही. मी स्वतःत कमी आणि बाकी सगळ्यात जास्त मग्न असते: ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यात, प्रिंटरच्या कुरकुरीत, कुणी चहात चमचा किती वेळा फिरवला त्यात. म्हणून कानावर कायम हेडफोन. त्यात गाणं मात्र नसतं.

जुनं नाव कुठून येतंय, ते मला मेल वाचतानाच कळलं होतं. कॅटलॉगच्या नोंदी मार्क नावाच्या रचनेत असतात. १९६०च्या दशकात हेन्रिएट अ‍ॅव्हराम यांनी ती लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी घडवली. प्रत्येक माहितीला तीन आकडी घर. व्यक्तीच्या ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये, म्हणजे तिच्या नावांच्या नोंदीत, अधिकृत नाव १०० मध्ये आणि टोपणनावं, माहेरची नावं, वेगळी स्पेलिंगं ४०० मध्ये. वाचकाने ४०० मधलं काहीही टाइप केलं तरी तो १०० वर पोचतो. मला हे इतकं सुंदर वाटतं की पहिल्यांदा शिकले तेव्हा आठवडाभर घरी दुसरं काही बोलले नव्हते. जोडीदारीणीने ते सगळं ऐकून घेतलं. (माझ्या कर्मचारी-नोंदीत तिच्या नात्यापुढे ‘इतर’ लिहिलंय. यादीत दुसरा पर्याय नव्हता.)

म्हणजे कुणी खोडसाळपणा केलेला नव्हता. लेखिकेचं नाव बदललं, कॅटलॉगरने नियमाप्रमाणे नवं वर नेलं आणि जुनं ४०० मध्ये ठेवलं. शिवाय लिंगाच्या, म्हणजे ३७५ या घरात ‘पुरुष’ हा शब्द तसाच राहिला होता.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “ते म्हणतायत ते कळतंय गं, पण नियम आहे. जुन्या नावाने शोधणाऱ्या वाचकाने काय करायचं?”

एरवी मी मॅडमच्या बाजूने असते. नियम म्हणजे माझा जिन्याचा कठडा. तो हलला की मला भोवळ येते. पण हा कठडा आधीच हलवलेला होता आणि ते मी वाचलं होतं. २०१० साली कॅटलॉगिंगचे आरडीए हे नियम आले, तेव्हा लिंगासाठी दिलेल्या यादीत तीनच पर्याय होते: स्त्री, पुरुष, माहीत नाही. २०२२ मध्ये प्रोग्रॅम फॉर कोऑपरेटिव्ह कॅटलॉगिंग या ग्रंथालयांच्या संघाच्या गटाने ३७५ भरूच नका असं सुचवलं. त्याच वर्षी ट्रान्स मेटाडेटा कलेक्टिव्हची, ट्रान्स व्यक्तींच्या नोंदी कशा कराव्यात याची मार्गदर्शिकाही आली. दोन्ही छापून मॅडमच्या टेबलावर ठेवल्या, ओळी अधोरेखित करून. बोलून पटवणं मला जमत नाही, कागद जमतो.

खरा पेच पुस्तकाच्या नोंदीतल्या २४५ चा, म्हणजे शीर्षक आणि लेखकाच्या घराचा होता. तिथे मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जे छापलंय ते जसंच्या तसं उतरवायचं असतं आणि तिच्या पहिल्या पुस्तकावर जुनंच नाव छापलेलं. सहकारी म्हणाला, “हे तिला विचारू नकोस, वाईट दिसतं.” मला ते कधीच कळत नाही. न विचारता परस्पर ठरवणं चांगलं दिसतं का? मी विचारलं. अर्ध्या तासात उत्तर आलं: ‘छापलंय ते राहू दे. माझ्या नावाखाली नको.’

दुपारपर्यंत ४०० आणि ३७५ दोन्ही रिकामी केली, इंडेक्स पुन्हा बांधला, शोधून पाहिलं. गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आलं होतं.

बाहेरून येणारी ऑथॉरिटी फाइल रोज रात्री आपोआप चढते आणि क्रमांक जुळला की आपली अख्खी नोंद पुसून वर बसते. हा जॉब मीच लावलेला. मी जागीच हात झटकायला लागले. तसं केल्याशिवाय माझ्या डोक्याला जागा होत नाही. मग त्या नोंदीला ‘आयातीने हात लावायचा नाही’ अशी खूण घातली, जॉबला ती खूण पाळायला शिकवलं आणि पुन्हा सगळं तपासलं. नाव टाइप करायचं, काही येत नाही ना बघायचं, पुन्हा टाइप करायचं.

पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात १९३२ साली समलैंगिकता मानसिक विकृतींच्या १३२ मध्ये होती, आता ३०६.७६ मध्ये, समाजशास्त्रात. ऑटिझमची पुस्तकं अजून ६१६.८५८८२ मध्ये, म्हणजे रोगांत. माझा अर्धा भाग एका मजल्यावर, अर्धा दुसऱ्या. जॉब चालू असताना मी असल्या गोष्टी मोजत बसते.

संध्याकाळी शेवटचं म्हणून शोधपेटीत पहिली तीन अक्षरं टाकली. खाली सूचना उमटली: पूर्ण जुनं नाव.

नोंदींत ते नव्हतं, इंडेक्समध्ये नव्हतं. सूचना लोकांच्या आधीच्या शोधांतून बनतात हे आठवायला मला दहा मिनिटं लागली. लॉग उघडला. त्या नावाचे एकेचाळीस शोध. चाळीस माझ्या मशीनवरून, दोन दिवसांतले.

लॉगमधून एकेचाळीसही ओळी काढल्या. कर्मचाऱ्यांच्या मशीनवरचे शोध यापुढे नोंदवू नयेत अशी सेटिंग केली. निघताना मॅडमनी दारातून विचारलं, “झालं का? त्या काय म्हणाल्या?”

“अजून कळवलं नाही,” मी म्हटलं. “आधी एकदा तपासते.”

एकदा नाही, चार वेळा तपासलं. मग मेल लिहिला, दोन ओळींचा.