कितवा हेलपाटा हाय?

दोन वर्षांमागं आमच्या शाखेला वरच्या ऑफिसातून शाबासकीचं पत्र आलं होतं. कारण काय, तर वर्षभरात ग्राहकाची एकही लेखी तक्रार नाही. मी ते पत्र लॅमिनेट करून केबिनमधे लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो पण. तेव्हा मी परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते एका बँकेपुरतं नाहीच.

तक्रार वही कुठं होती तर माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमधे. कुणी मागितली असती तर दिली असती, पण खेड्यातून आलेला माणूस रांग सोडून केबिनमधे येणार, माझ्यासमोर उभा राहून माझ्याच शाखेची तक्रार लिहायला माझ्याकडंच वही मागणार, हे कसं व्हावं? तक्रार शून्य होती कारण तक्रारीला वाटच नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

मग जून आला. मृग लागलेला, पेरणीची घाई, पीककर्जाचं नवं-जुनं करायला आलेल्यांची रांग पार बाहेर रस्त्यापर्यंत. त्या गर्दीत एक आजी भिंतीला टेकून बसलेली दिसली. सकाळी साडेदहाला होती, दोनला जेवायला उठलो तरी तिथंच.

"माय, काय काम हाय?"

"पगार निघंना बाबा."

पगार म्हंजे निराधारचे महिन्याचे दीड हजार. गावातल्या बँक मित्राकडं मशीनवर थंब लागत नाही, जन्मभर खुरपं धरून अंगठ्याच्या रेषाच राहिल्या नाहीत, म्हणून त्यानं शाखेत पाठवलं. मी विचारलं आधी कदी आल्ता का. तर म्हणाली, "हा चौथा हेलपाटा हाय लेकरा. पहिल्यांदा म्हणले आधारची झेरॉक्स आण. ती आणली तर म्हणले फोटो पायजे. फोटो काढून आणला तर त्या दिवशी लिंक नव्हती. आज तरी होईन का?"

कॉम्प्युटरवर बघितलं तर केवायसी राहिल्यामुळं खात्यातून पैसे निघत नव्हते. एक फॉर्म, एक फोटो, आधारची प्रत. वीस मिनिटांचं काम. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की आधीच्या तिन्ही वेळेस तिला कुणीच खोटं बोललं नव्हतं. झेरॉक्स लागतच होती, फोटो लागतच होता, लिंक खरंच गेली होती. प्रत्येकानं आपापल्या पुरतं बरोबर उत्तर दिलं आणि त्या बरोबर उत्तरांचे मिळून चार हेलपाटे झाले. हे मी एकदा आमच्या वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणले पंचाहत्तरच्या वरच्यांना एसटी फुकटच आहे की आता. एसटी फुकट आहे, खरंय. पण तिला सोबत घेऊन येणाऱ्या पोराचा ऐन पेरणीतला दिवस फुकट नाही ना.

त्याच महिन्यात आमच्याकडं ग्राहक समाधानाचे फॉर्म भरून घ्यायचं चालू होतं, एक ते पाच मार्क. आजीचं काम झाल्यावर आमच्या शिपायानं तिला पण विचारलं, सेवा कशी वाटली. "लई चांगली. सायबानं सोता खुर्ची दिली." पाचपैकी पाच.

तो फॉर्म हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. एमबीए करताना सर्व्हक्वाल शिकलो होतो, परशुरामन, झायथामल आणि बेरी या तिघांनी १९८८ मधे मांडलेली पद्धत, २२ प्रश्न, ग्राहकाला काय अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात काय मिळालं यातला फरक काढायचा, तो फरक म्हंजे सेवेची गुणवत्ता. विश्वासार्हता, तत्परता, आपुलकी असे पाच भाग आहेत त्याचे. पद्धत चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ज्या माणसाला जन्मभर प्रत्येक ऑफिसातून उद्या या, परवा या असंच ऐकायची सवय लागलीय त्याची अपेक्षाच तळाला गेलेली असते. नुसतं नीट बोललं तरी त्याला उपकार वाटतात. अपेक्षाच नसेल तर फरक निघणार कुठून? आपल्या मराठवाड्यात समाधानाचे मार्क मागत फिरलं तर सगळीकडं पाचपैकी पाचच येणार, आणि आपण ते लॅमिनेट करणार.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. काउंटरवरच्या सगळ्यांना सांगितलं, आलेल्या माणसाला आधी एकच प्रश्न विचारायचा, या कामासाठी हा कितवा हेलपाटा? आकडा लिहायचा, काम लिहायचं, आणि मागच्या वेळेस कशामुळं परत गेला ते लिहायचं. बास. सही नाही, मार्क नाही. हेलपाटा हा शब्द मुद्दाम ठेवला, व्हिजिट वगैरे काही नाही, कारण हेलपाटा म्हणलं की माणूस लगेच सांगायला लागतो.

तीन आठवड्यांत वही निम्मी भरली. त्यात निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्या, तिसऱ्या, कुणी पाचव्या खेपेला आलेली. म्हंजे ज्या गर्दीमुळं आम्ही स्टाफ कमी आहे, स्टाफ द्या म्हणून दर महिन्याला रडत होतो त्यातली अर्धी गर्दी आम्हीच तयार केलेली होती! जॉन सेडन नावाच्या इंग्रज सल्लागारानं याला नाव दिलंय, फेल्युअर डिमांड, आधीचं काम पहिल्याच वेळी नीट न झाल्यामुळं जी मागणी तयार होते ती. मला आपला हेलपाटा शब्द जास्त पटतो कारण त्यात थकवा पण आहे.

कारणं बघितली तर एकदम साधी. सगळ्यात मोठं कारण, कागदं एकेक करून सांगणं. सातबारा आण म्हणायचं, तो आणला की आठ अ, तो आणला की दुसऱ्या बँकांचं बेबाकी प्रमाणपत्र. मग लिंक नसणं. मग ज्याच्याकडं ते काम आहे तोच कर्मचारी रजेवर. कर्जदाराची चूक म्हणावी अशी नोंद शोधून सापडायची नाही.

आता मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट.

आमच्याकडं काउंटरवर एक ताई होत्या. दिवसाचे व्हाउचर मोजले तर त्यांचे कायम सगळ्यात कमी. एकेका माणसाला दहा दहा मिनिटं. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मात मी त्यांना कामाचा वेग या रकान्यात दहापैकी पाच दिले होते आणि शेऱ्यात लिहिलं होतं, गती वाढवण्याची गरज. शेजारच्या काउंटरवरच्या पोराला नऊ दिले, तो दिवसाला दुप्पट माणसं काढायचा. वही चाळताना मला दिसलं की ताईंकडं पहिल्यांदा गेलेला माणूस त्याच कामासाठी परत आल्याची नोंद जवळपास नाहीच. त्या जुन्या स्लिपच्या पाठीमागं सगळ्या कागदांची यादी स्वतःच्या हातानं लिहून द्यायच्या, वाचता येत नसेल तर सोबतच्याला वाचायला लावायच्या, आणि फोन नंबर घेऊन लिंक आली की कळवायच्या. तो पोरगा दुप्पट माणसं काढायचा कारण तीच माणसं त्याच्याकडं परत परत यायची, आणि प्रत्येक खेप त्याच्या मोजणीत नवीन काम म्हणून धरली जायची.

म्हंजे हेलपाटे घालायला लावणाऱ्याला मी नऊ दिले आणि हेलपाटे वाचवणारीला पाच. त्यांची त्या वर्षीची पसंतीची बदली पण त्याच्यामुळं हुकली असावी असं मला वाटतं. मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणल्या, "सर, मी पण खेड्यातूनच येते." एवढंच बोलून कामाला लागल्या. वर पत्र लिहिलं की शेरा दुरुस्त करायचाय, उत्तर आलं की त्या वर्षाचं पोर्टल बंद झालंय. पुढच्या वर्षी मी सविस्तर लिहिलं, दोन पानं लिहिली, पण गेलेलं वर्ष गेलंच.

पण त्या पोराला तरी दोष कसा द्यायचा? त्याला आम्ही जे मोजतो तेच त्यानं दिलं. डेमिंग नावाचे अमेरिकन तज्ज्ञ होते, जपानच्या कारखान्यांना गुणवत्ता शिकवणारे, ते आपल्या शिबिरात लाल मण्यांचा एक प्रयोग करून दाखवायचे. पेटीत पांढरे मणी आणि त्यात पाचव्या हिश्श्याएवढे लाल. कामगारानं ५० खळग्यांची फळी त्यात बुडवून काढायची आणि लाल मणी येऊ द्यायचे नाहीत. डोळे झाकून बुडवल्यासारखंच ते, कुणाच्या फळीत सहा येणार कुणाच्या चौदा. मग साहेब सहावाल्याला शाबासकी देतो, चौदावाल्याला झापतो, पुढच्या फेरीत उलटं होतं. लाल मणी पेटीतच आहेत ना! आपल्याकडच्या भाषेत, पोत्यातच खडे असलेली ज्वारी दळायला दिली आणि भाकर कचकच लागली म्हणून भाकर करणारीला बोललं, असं ते. म्हणूनच डेमिंग माणसाला वर्षाला एकदा मार्क देण्याच्या पद्धतीच्या विरोधात होते. मी पूर्ण त्यांच्या बाजूचा नाही, काही माणसं खरंच कामचुकार असतात आणि ते लिहावं लागतं. पण त्याच्या आधी पोतं निवडायला पाहिजे.

अजून एक शिकलो, घड्याळ कुठून चालू करता यावर सगळं असतं. आमच्याकडं नवीन खातं अर्ज आल्यापासून ठराविक वेळेत उघडायचं टार्गेट होतं आणि आम्ही ते कायम पूर्ण करायचो, कारण कागदं पुरी होईपर्यंत अर्जावर तारीखच टाकायची नाही असा रिवाज पडला होता. माणूस आठ दिवसांपासून येतोय आणि आमच्या रिपोर्टमधे तो आजच आला. इंग्लंडमधे सरकारी दवाखान्यांच्या इमर्जन्सी विभागाला चार तासांचं टार्गेट दिलं तेव्हा तिथं पण पेशंट शेवटच्या काही मिनिटांत हलवले जायला लागले, चार तास भरायच्या आत फक्त. माणसं सगळीकडची सारखीच.

याच्या उलट रिझर्व्ह बँकेचे दोन नियम बघा. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा करायचे, नाहीतर पुढं दिवसाला १०० रुपये, आणि ते ग्राहकानं न मागता द्यायचे. दुसरा, कर्ज पूर्ण फिटलं की तारण ठेवलेली घरा-जमिनीची मूळ कागदं ३० दिवसांत परत द्यायची, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये, हे १ डिसेंबर २०२३ पासून. दोन्हीत घड्याळ ग्राहकाच्या बाजूनं चालू होतं, पैसे गेले त्या दिवशी, कर्ज फिटलं त्या दिवशी. कर्मचारी कधी नोंद करतो याला तिथं किंमतच नाही. हे नियम आपल्या गावातल्या किती लोकांना माहितीयत? ज्यांना नाहीत त्यांना सांगा.

मग आम्ही काय केलं, तर फार काही नाही. ताईंची यादी मोठ्या अक्षरात छापली, पीककर्जाची वेगळी, निराधारची वेगळी, केवायसीची वेगळी, आणि ग्रामपंचायतीत, बँक मित्राकडं आणि तालुक्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात लावली (झेरॉक्सच्या दुकानाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला). माणूस काउंटरवर आला की त्याच दिवशीची तारीख टाकून पोच द्यायची, कागदं अपुरी असली तरी, आणि पोचेवर राहिलेलं सगळं एका दमात लिहायचं. तक्रार वही ड्रॉवरमधून काढून बाहेर पाण्याच्या माठाजवळ दोरीनं बांधली. पहिल्याच महिन्यात अकरा तक्रारी आल्या आणि मला वरून फोन आला की शाखेचं काय चाललंय. मी सांगितलं, आता कुठं नीट चाललंय.

मूल्यमापनात पण माझ्या हातात होतं तेवढं बदललं. व्हाउचरच्या संख्येशेजारी पेन्सिलनं अजून एक आकडा लिहायला लागलो, पहिल्याच खेपेत मिटलेली कामं. त्या पोराला हा आकडा दाखवला, रागावलो नाही, ताईंच्या शेजारी आठवडाभर बसवलं. पुढच्या हंगामात त्याची व्हाउचर कमी झाली आणि रांग पण कमी झाली.

एक रकाना मात्र अजून सुटला नाही. वहीत बऱ्याच नोंदी अशा असतात की माणूस आमच्यामुळं नाही तर दुसऱ्या ऑफिसातला दाखला मिळाला नाही म्हणून परत आला. सरकारी दाखल्यांना लोकसेवा हक्काचा २०१५ चा कायदा आहे, ठरलेली मुदत आहे, अर्जाची तारखेसह पोच द्यायची असते, मुदतीत काम नाही झालं तर अपील आहे, अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड आहे. पण पोचच नसेल तर मुदत मोजायची कुठून? म्हणून आता आम्ही यादीच्या खाली एक ओळ वाढवलीय, दाखल्याचा अर्ज देताना पोच मागून घ्या. या नोंदी मी कुणाच्याच मार्कात धरत नाही, वेगळ्या पानावर ठेवतो, आणि दर महिन्याच्या बैठकीला ते पान तहसीलला घेऊन जातो. आता माझी बदली लातूर जिल्ह्यात झालीय, इथं पण वही चालू केलीय आणि इथं पण ते पान सगळ्यात लवकर भरतंय.