पद्मिनीचा थेंब

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले आणि माझ्या जुन्या, ऑईल गळणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे ग्रह फिरले. तोवर खाली जुना कोबा होता. त्यावर ऑईलचा डाग पडला काय, न पडला काय, सारखंच. नव्या ब्लॉकवर मात्र थेंबाथेंबाची नोंद व्हायला लागली. पावसात तिथे पाणी साचलं की सप्तरंगी तवंग पसरतो. मला तो देखणा वाटतो, सेक्रेटरींना वाटत नाही.

मग सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरचे काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "चेंबरचं पॅकिंग गेलंय." वॉचमनच्या मते इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकजण तर थेट गिऱ्हाईक आणतो म्हणाला. जुन्या गाडीबद्दल ज्याला मत नाही असा माणूस मला ठाण्यात अजून भेटायचाय.

गंमत म्हणजे हीच मंडळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये लीकेजवर तासन्‌तास बोलतात. दुसऱ्या मजल्याच्या छताला ओल आली म्हणून तिसऱ्याचंच बाथरूम गळतंय असं नसतं, पाणी चौथ्यावरून भिंतीच्या आतून उतरलेलं असू शकतं, हे त्यांना तोंडपाठ. गाडीखाली वाकल्यावर मात्र जिथे थेंब लोंबतोय तिथलाच बोल्ट आवळायला निघतात. अहो, चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑईलचं भांडं. वरून कुठूनही सुटलेलं ऑईल शेवटी त्याच्याच कडेला येऊन लोंबणार. त्यात पद्मिनीचा पंखा बेल्टवर फिरतो, इंजिन चालू आहे तोवर तोही चालू. त्याचा वारा आणि रस्त्यावरचा वारा ऑईलला मागे मागे नेतात. गळती पुढे आणि थेंब गिअरबॉक्सपाशी, असंही होतं.

वागळे इस्टेटमधल्या माझ्या मिस्त्रींचा हात काळी-पिवळी टॅक्सींवर बसलेला. त्यांनी पाना घेतला नाही. थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला. गिअर ऑईल असतं तर गंधकासारखा उग्र वास आला असता. ब्रेक ऑईल पातळ, आणि लागेल तिथला रंग खातं. "इंजिनचंच आहे," ते म्हणाले, "पण आधी आंघोळ."

ही आंघोळच बहुतेक गॅरेजवाले टाळतात, आणि माझ्या मते अर्धं निदान तिच्यातच असतं. वर्षानुवर्षं साचलेल्या काळ्या राबडीत ताजं ऑईल कोणतं आणि जुनं कोणतं, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. त्यांनी डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन खरवडून काढलं, चिंधीने कोरडं पुसलं आणि वरून साधी टाल्कम पावडर भुरभुरवली. अगदी पातळ, नाहीतर पंखाच ती उडवून लावतो. मग गाडी जागच्या जागी चालू ठेवली. गार ऑईल घट्ट असतं, चोरवाटेने निघत नाही. इंजिन चांगलं तापेपर्यंत थांबावंच लागतं. आम्ही चहा घेतला. परत येऊन टॉर्च मारला, तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून पांढऱ्या पावडरीत एक तपकिरी रेघ उतरली होती. इंजिनच्या अंगावरून वाकडीतिकडी होत, एका बोल्टला वळसा घालून, थेट चेंबरच्या कडेपर्यंत.

मला वाटलं, झालं, पॅकिंग बदलू. मिस्त्रींनी चालू इंजिनावर ऑईल भरायचं झाकण काढून तोंडावर तळवा धरला. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली निसटतोच, नव्या इंजिनातही. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. माझ्या गाडीत ती काजळी आणि चिकट गाळाने पार बुजली होती. कोंडलेल्या वायूने जिथे पॅकिंगचा कॉर्क सुकून आक्रसला होता तिथून ऑईल बाहेर लोटलं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर तेही फार टिकलं नसतं.

पॅकिंग मिळवणं हा वेगळाच अध्याय. मूळची इटलीची फियाट ११००, १०८९ सीसीचं इंजिन, पण आपली पद्मिनी घडली कुर्ल्यात, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीत. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना तोटा नव्हता. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग पोटमाळ्याकडे.

कव्हर काढलं तर पत्र्याची कड नटांपाशी दबलेली. आधीच्या कुणीतरी जोर लावून आवळलं होतं. मिस्त्रींनी ती सपाट लोखंडावर धरून हलक्या हातोडीने सरळ केली, जुन्या कॉर्कचे कण पात्याने खरडले, नवा कॉर्क कव्हरच्या बाजूला चिकटवला आणि नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. कॉर्क जरासा दबला की ते थांबत. त्यापुढे पाना फिरवला तर पुन्हा पत्राच वाकणार.

ब्रीदर साफ, टॅपेट कव्हर कोरडं. तरी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून अधूनमधून एक थेंब येतोच, तो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाचा. तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा खर्च मिस्त्रींना पटत नाही, मलाही नाही. क्लच प्लेट बदलायला तो उतरेल तेव्हा बघू, असं ठरलंय. तोवर डिपस्टिक पाहायची, लागेल तसं ट्वेंटी-फिफ्टी इंजिन ऑईल ओतायचं आणि खाली ट्रे ठेवायचा. क्लच अजून ठणठणीत आहे, त्यामुळे ट्रेचा मुक्काम लांबणार असं दिसतंय.