आण्णांच्या कॅथेटरचं इन्फेक्शन आणि एका फॉर्मपायी गेलेले वीस तास

वर ‘स्वखर्च हमीपत्र’ असं छापलेला एक पानाचा फॉर्म असतो. तो काउंटरच्या ड्रॉवरमध्येच होता, आणि तो आहे हे मला वीस तासांनी कळलं. दोन महिने झाले, आण्णा घरी आहेत, सकाळी पेपर वाचत बसतात, तरी ते पान आठवलं की माझं डोकं फिरतं. ज्यांच्या घरात कुणी गळ्यातल्या कॅथेटरवर, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीवर, डायलिसिस घेतंय, त्यांच्यासाठी हे लिहून काढतेय.

आण्णांचा डाव्या हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशननं जोडलेली धमनी आणि शीर) अजून तयार झाला नव्हता, म्हणून पर्मकॅथवर, म्हणजे गळ्यातल्या त्या नळीवर, काम चाललं होतं. गुरुवारी दुपारच्या शिफ्टला डायलिसिस सुरू होऊन तासभर झाला असेल, आण्णा म्हणाले, “लई थंडी वाजायलीय गं.” एक पांघरूण घातलं, मग दुसरं घातलं. तरी दातावर दात वाजत होते, कॉट हलत होती. टेक्निशियन म्हणाला, एसीमुळे असेल. थर्मामीटर लावला तर १०२. कॅथेटरवाल्या पेशंटला डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरली तर ती एसीवर ढकलू देऊ नका. कॅथेटरच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर धरलेला असतो आणि मशीनचं रक्त त्यातून फिरलं की ते जंतू सरळ अंगात जातात.

ॲडमिशन पटकन झालं. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांचं नाव मला माहीत नाही, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अँटिबायोटिकची बाटली स्टँडला लावून तयार होती, ती त्यांनी हातानं बाजूला सारली. “आधी कल्चर, मग औषध.” कल्चर म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी. कॅथेटरचं तोंड स्पिरिटनं बराच वेळ घासलं, तिथून रक्त घेतलं. मग दुसरा नमुना शिरेतून. मी आण्णांची डावी बाही वर करायला लागले तर म्हणाल्या, “तो हात नको ताई, फिस्टुलाचा आहे.” उजव्या पंजाच्या पाठीवरची बारीक शीर शोधून हळूहळू रक्त ओढलं. प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिली लागतं. शेवटी मार्करनं एका बाटलीवर ‘कॅथेटर’ आणि दुसरीवर ‘उजवा हात’, शिवाय दोन्हींवर घेतल्याची वेळ. या दोन शब्दांचं महत्त्व मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कल्चरच्या बाटल्या मशीनमध्ये ठेवतात. जंतू वाढले की मशीन स्वतःच इशारा देतं. शुक्रवारी सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी कॅथेटरची बाटली पॉझिटिव्ह झाली, हाताची ११ वाजून ५ मिनिटांनी. एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांत कॅथेटरचा नमुना दोन तास किंवा त्याहून जास्त आधी पॉझिटिव्ह आला, तर जंतूंचं घर कॅथेटरमध्येच आहे असं समजतात. आमच्यात जवळजवळ तीन तासांचा फरक होता. बाटल्यांवर ‘कॅथेटर’ आणि ‘उजवा हात’ लिहिलेलं नसतं तर या फरकाचा काही उपयोग झाला नसता.

सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू दिसले. साडेअकराला राऊंडला सरांनी नीट समजावून सांगितलं. असे दिसणारे जंतू साधे कातडीवरचेही असतात. ते असतील तर अँटिबायोटिक देऊन किंवा त्याच जागी तारेवरून नवा कॅथेटर घालून निभावता येतं. पण स्टॅफायलोकॉकस ऑरियस निघाला तर कॅथेटर काढायलाच हवा. शिवाय तो एमआरएसए (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा प्रकार) आहे की साधा, त्यावर औषध ठरतं. आण्णांच्या दुसऱ्या बाजूची शीर आधीच बंद पडलेली होती, त्यामुळे असलेली जागा सोडायची तर खात्री हवी होती. नेहमीच्या पद्धतीनं नाव कळायला आणखी एक दिवस आणि कुठलं औषध लागू पडतं हे कळायला दोन दिवस. “त्याच बाटलीतून जलद पीसीआर पॅनल लावू, म्हणजे जनुकांवरून जंतू ओळखायची तपासणी. तासाभरात नाव कळतं, एमआरएसएचं जनुक आहे का तेही कळतं. मशीन आपल्याच लॅबमध्ये आहे.”

मला आधी वाटलं होतं की ही टेस्ट पहिल्याच दिवशी थेट रक्तावर का नाही केली? तेही विचारलं. आण्णांवर लावायचं पॅनल आधी कल्चरच्या बाटलीत जंतू वाढल्यावरच करतात, कारण रक्ताच्या एका मिलीत ते मोजकेच असतात. त्यामुळे ‘जलद’ म्हणजे बाटली पॉझिटिव्ह झाल्यापासून जलद.

पावणेबाराला मी चिठ्ठी घेऊन खाली काउंटरला गेले. १४ हजार रुपये. मी कार्ड पुढे केलं.

“मॅडम, तुमची फाईल कॅशलेस आहे. त्यावर पैसे घेता येत नाहीत.”

मग विम्यातून करा म्हटलं. “ही टेस्ट पॅकेजमध्ये नाही. इन्शुरन्स डेस्कवर मंजुरी घ्या.” इन्शुरन्स डेस्क पहिल्या मजल्यावर. तिथं सांगितलं, डॉक्टरांचं कारणपत्र हवं. वॉर्डातल्या आरएमओंनी, म्हणजे निवासी डॉक्टरांनी, लिहून दिलं, ते घेऊन गेले तर कन्सल्टंटचीच, म्हणजे सरांचीच, सही आणि शिक्का हवा. सर ओटीत. तीन वाजता बाहेर आले, उभ्याउभ्या सही केली, शिक्का मात्र त्यांच्या ओपीडीच्या खोलीत आणि खोलीला कुलूप. शिक्का मिळून कागद स्कॅन होऊन जाईपर्यंत सव्वाचार. पाच वाजता कंपनीकडून प्रश्न आला: ब्लड कल्चर आधीच पाठवलंय, मग पुन्हा तपासणी कशासाठी?

मी त्या माणसाला समजावत होते की ही पुन्हा तपासणी नाही, त्याच बाटलीतली पुढची पायरी आहे. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या स्क्रीनवर उत्तर लिहायला जी चौकट होती, तिच्यात हे बसत नव्हतं. परत कन्सल्टंटचं उत्तर हवं. ते लिहून घेतलं, पाठवलं. सहा वाजता डेस्क बंद. उद्या सकाळी बघू.

मी पुन्हा काउंटरला. रोख घ्या, विमा नको, पावतीही नको म्हटलं तरी “सिस्टीम घेत नाही.” लॅबमध्ये गेले तर पीसीआरवाले टेक्निशियन सहाला गेलेले.

त्या रात्री आण्णांना १०३ ताप चढला. व्हॅन्कोमायसिन आणि मेरोपेनेम ही दोन्ही अँटिबायोटिकं चालू होती आणि कॅथेटर अजून गळ्यातच होता. मी ओल्या फडक्यानं अंग पुसत बसले. खालच्या मजल्यावर मशीन आहे, त्याच्या शेजारी आण्णांची बाटली आहे, माझ्या पर्समध्ये पैसे आहेत, आणि या तिन्हींच्या मध्ये फक्त एक कागद. भाऊ पुण्याहून सारखा फोन करत होता, त्याच्यावर मी नाहक ओरडले.

शनिवारी सात वाजता लॅबच्या दारात जाऊन उभी राहिले. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम आल्या. सगळं ऐकलं आणि घड्याळ बघून म्हणाल्या, “बाटली पॉझिटिव्ह झाल्यापासून चोवीस तासांच्या आत लावावी लागते. सव्वाआठपर्यंत वेळ आहे.” स्वतः माझ्याबरोबर काउंटरला आल्या आणि विचारलं, “स्वखर्च हमीपत्र भरून घेतलं का?” रात्रपाळीचा मुलगा होता, त्यानं ड्रॉवर उघडला आणि फॉर्म काढून दिला. ही एक तपासणी मी माझ्या पैशानं करते, विम्यात मागणार नाही, खाली सही. दोन मिनिटंही लागली नाहीत. आदल्या दिवशी चार माणसांशी बोलले होते, एकानंही या कागदाचं नाव काढलं नव्हतं.

पावणेआठला टेस्ट लागली. नऊच्या सुमारास वॉर्डात फोन आला: स्टॅफायलोकॉकस ऑरियस, एमआरएसएचं मेकए जनुक नाही. दहाच्या आत मेरोपेनेम बंद, व्हॅन्कोमायसिन बंद, सेफाझोलिन सुरू. साध्या स्टॅफवर ते व्हॅन्कोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं आणि डायलिसिसच्या शेवटी देता येतं. दुपारी कॅथेटर काढला. रविवारी रात्री ताप उतरला आणि आण्णांनी भात मागितला, तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले.

रविवारी दुपारी कल्चरचा पूर्ण रिपोर्टही आला, तंतोतंत तोच. त्याची वाट बघावीच लागते. पॅनलमध्ये ठरलेलेच जंतू आणि ठरलेलीच जनुकं असतात, आमच्या पॅनलमध्ये मिळून ४३. यादीबाहेरचा जंतू त्याला दिसत नाही, आणि औषध किती प्रमाणात लागू पडेल हे कल्चरच सांगतं. म्हणून ‘पीसीआर झालं, आता कल्चर नको’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

ॲडमिट होतानाच दोन प्रश्न विचारा: पीसीआर पॅनल रात्री आणि रविवारी लागतं का, आणि विम्यात नसलेल्या तपासणीला स्वतः पैसे भरायचे तर कुठला फॉर्म. अडलात तर काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा थेट मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टरांना भेटा. मी ते अठरा तास आधी करायला हवं होतं. आणि हो, घरी ताप आला म्हणून उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊन मग दवाखान्यात नेऊ नका. त्या गोळीमुळे कल्चरमध्ये काही उगवलंच नाही तर पुढचं सगळं अडतं.

स्टॅफ ऑरियस निघाला तर हृदयाची इको आणि कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत पुन्हा पुन्हा कल्चर, हे दोन्ही झालं का ते विचारा. आण्णांचं तिसरं कल्चर निगेटिव्ह आलं, तिथून चार आठवडे सेफाझोलिन चाललं. मधल्या काळात मांडीतून तात्पुरता कॅथेटर होता, त्याचे हाल वेगळे.

आता फिस्टुला चालू झालाय. त्या फॉर्मचा फोटो मी काढून ठेवलाय. आमच्या शिफ्टला गळ्यातल्या कॅथेटरवर अजून तिघं आहेत, त्या तिघांच्याही घरच्यांना तो पाठवून दिलाय.