काटकसर कोणत्या भागात झाली आहे, ते आधी पाहा

माझ्या भाचीने नव्या डेस्कटॉपसाठी पैसे साठवले आणि ते खर्च करण्याआधी दोन कागद माझ्यासमोर ठेवले. एकावर तयार संगणकाची जाहिरात होती, दुसऱ्यावर तिने स्वतः काढलेली सुट्या भागांची यादी होती, आणि दोन्हींची बेरीज जवळजवळ सारखीच येत होती. ‘मावशी, किंमत सारखीच पडणार असेल, तर स्वतः जोडण्याची यातायात कशाला करायची?’ असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती दोन्हींच्या लांबीतली तफावत. जाहिरातीत चार गोष्टी होत्या: कोअर आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवणारी, फिरते भाग नसलेली डिस्क) आणि रंगीत दिव्यांचे कॅबिनेट. तिच्या यादीत मात्र प्रत्येक भागाच्या मॉडेलच्या नावासकट आठ ओळी होत्या. जाहिरातीत न आलेल्या ओळींतच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले असते.

इंटेलच्या प्रोसेसरांसाठी ‘कोअर आय५’ हे शब्द २००९ सालापासून वापरात आहेत आणि तेवढ्यावरून प्रोसेसरबद्दल काहीही कळत नाही. २०१७ मधल्या आय५-७५०० मध्ये चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गाभे) होते, तर पुढच्याच वर्षी आलेल्या आय५-८५०० मध्ये सहा. पूर्ण क्रमांक न देता नुसते ‘आय५’ छापणारा विक्रेता एकतर निष्काळजी असतो किंवा फार काळजीपूर्वक वागत असतो. रॅमचेही तसेच आहे. १६ जीबी ही एकच पट्टी आहे की ८-८ जीबीच्या दोन, हे जाहिरातीत क्वचितच लिहिलेले असते. एका पट्टीला प्रोसेसरकडे जाणारी एकच वाट, म्हणजे एकच चॅनल मिळतो. डीडीआर४ या पिढीची रॅम ३२०० च्या वेगाने चालवली, तर एका चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाऊ शकते आणि दोन चॅनलमधून ५१.२ जीबी. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून घडत असल्याने, एका पट्टीची कंजुषी तिथे लगेच जाणवते.

पण सर्वांत मोठी काटकसर होते ती एसएमपीएसमध्ये, म्हणजे विजेच्या त्या पेटीत, जिच्याकडे खरेदीच्या वेळी कोणीच पाहत नाही. विक्रेत्याच्या दृष्टीने ती आदर्श जागा आहे: ग्राहकाला तिचे नाव ठाऊक नसते, ती हलक्या दर्जाची असली तरी संगणक पहिल्या दिवशी व्यवस्थित सुरू होतो, आणि दोन वर्षांनी काही बिघडले तर दोष मदरबोर्डवर (सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर) किंवा घरातल्या विजेवर ढकलता येतो. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटवर मी विश्वास ठेवत नाही. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खादाड १२ व्होल्टच्या वाहिनीवर जगतात; त्यामुळे पेटीच्या बाजूच्या तक्त्यात त्या वाहिनीपुढे किती वॅट लिहिले आहेत, ते पाहावे. ‘८० प्लस’ या शिक्क्याचा अर्थही नीट समजून घ्यावा. भार २०, ५० आणि १०० टक्के असताना पेटी किमान ८० टक्के कार्यक्षमतेने चालते, एवढेच तो साधा शिक्का सांगतो. आतले विद्युतभार साठवणारे कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट सर्किट झाल्यास पेटी वेळेवर बंद पडेल का, याबद्दल तो अवाक्षरही काढत नाही. तरीही शिक्का असलेली पेटी आणि नावच नसलेली पेटी यांत मी डोळे मिटून पहिली घेईन.

इतके सांगून झाल्यावर भाचीची खात्री झाली की मावशी असेंबल करायलाच, म्हणजे सुटे भाग जोडायलाच सांगणार. पण मी तसे सांगितले नाही, कारण बजेट अगदी तळाचे असेल तर असेंबल करणे बहुतेक वेळा परवडत नाही, हे माझे बऱ्याच वर्षांचे मत आहे. काही खर्च कामाच्या प्रमाणात खाली येतच नाहीत. कॅबिनेट, मदरबोर्ड, बरी विजेची पेटी आणि विंडोजचा परवाना या चार गोष्टी साधे टंकलेखन करायचे असो वा चित्रफिती संपादित करायच्या असोत, घ्याव्याच लागतात. आणि एकूण रक्कमच लहान असली की तिचा मोठा वाटा त्या खाऊन टाकतात. लाखोंच्या संख्येने भाग उचलणाऱ्या कंपनीला हेच भाग आणि हाच परवाना आपल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. तेव्हा कागदपत्रे, इंटरनेट आणि ऑनलाइन वर्ग एवढेच काम असेल, तर सुटे भाग जुळवत बसण्यात हौसेपलीकडे काही हाती लागत नाही.

त्या पातळीवर मी तिसरा मार्ग सुचवते, जो तिच्या दोन्ही कागदांवर नव्हता: कार्यालयांतून बाहेर पडलेले, तपासून पुन्हा विकले जाणारे ब्रँडेड संगणक. मोठ्या संस्था ठरावीक वर्षांनी आपले सगळे संगणक एकदम बदलतात आणि धडधाकट यंत्रे बाजारात येतात. इथे एक तारीख लक्षात ठेवावी लागते. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीबरोबरच ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो, ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीच्या रायझनची २००० ची मालिका आणि त्यापुढचे. म्हणजे वर उल्लेख केलेल्या दोन प्रोसेसरांपैकी आय५-८५०० त्या यादीत बसतो आणि त्याच्याआधीच्या वर्षातला आय५-७५०० बसत नाही. बाहेरून दोन्ही यंत्रे अगदी सारखी दिसतात आणि अनेकदा एकाच फळीवर ठेवलेली असतात. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणाऱ्याला अर्थातच ही अडचण नाही. उलट विंडोज ११ ने नाकारलेले यंत्र त्याला अधिकच स्वस्तात मिळू शकते.

या कार्यालयीन यंत्रांची खरी मर्यादा वाढवण्याच्या वेळी कळते. एटीएक्स या मापपद्धतीमुळे १९९५ पासून मदरबोर्ड, कॅबिनेट आणि विजेची पेटी वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी एकमेकांत बसतात, पण ब्रँडेड यंत्रांतून हा सोयीचा करार पुष्कळदा पाळला जात नाही. पेटीचा आकार निराळा, २४ पिनांच्या नेहमीच्या जोडणीऐवजी कंपनीची स्वतःची जोडणी, मदरबोर्डची भोके वेगळ्या जागी, असे प्रकार त्यांत आढळतात. अशा यंत्रात रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते, बहुधा तिथेच थांबावे लागते. सडपातळ कॅबिनेट असेल तर ग्राफिक्स कार्डही कमी उंचीचे आणि विजेची वेगळी तार न लागणारे, म्हणजे खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागवणारे घ्यावे लागते. ज्याला पुढे काही वाढवायचेच नाही, त्याला यातले काहीही आड येत नाही.

भाचीचे काम मात्र या पातळीच्या थोडे वर होते. प्रोग्रामिंग शिकायचे, छायाचित्रांवर काम करायचे, मधूनमधून खेळ खेळायचे, आणि दोनेक वर्षांनी पैसे जमले की ग्राफिक्स कार्ड बसवायचे, असा तिचा बेत होता. टप्प्याटप्प्याने वाढवण्याची इच्छा असली की माझा कल असेंबल करण्याकडे झुकतो, कारण तेव्हा कुठे हात आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा हे आपल्याला ठरवता येते. तिच्या पहिल्या यादीत तिने काटकसर चुकीच्या जागी केली होती. विजेची पेटी सर्वांत स्वस्त होती आणि एसएसडी सर्वांत वेगवान. हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो तो प्रचंड असतो. पण सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचणारी, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी आणि साडेतीन हजार एमबी वाचणारी, एनव्हीएमई या नव्या पद्धतीची एसएसडी यांतला फरक रोजच्या कामात, मोठ्या फाइली हलवण्याचे प्रसंग सोडले तर, शोधावा लागतो. त्या यादीतली अतिवेगवान एसएसडी काढून मध्यम दर्जाची घेतली आणि उरलेले पैसे पेटीत घातले. दिव्यांचे कॅबिनेट तिने स्वतःच सोडले, पण समोरून हवा आत घेणारी जाळी असलेलेच कॅबिनेट हवे, हा माझा आग्रह तिने मान्य केला.

प्रोसेसरवर आमचा सर्वाधिक वेळ गेला. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ असते, त्यांत ग्राफिक्सची सोय नसते. ते किंचित स्वस्त असल्याने यादीत हमखास शिरतात आणि वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच उमटत नाही. रायझन ५ ५६०० चेही तसेच, त्याच्या नावात ‘एफ’ नसूनसुद्धा. आणि चित्र देणारा त्याचा भाऊ म्हणजे ५६००जी. हा ‘जी’ फुकट मिळत नाही. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान स्मृती) आहे, तर ५६००जी मध्ये १६, शिवाय पुढे कार्ड बसवल्यावर ते पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या ४.० ऐवजी ३.० च्या वेगाने चालते. तरीही कार्डाविना पहिली दोन वर्षे काढायची असल्याने आम्ही तोच घेतला. एएम४ सॉकेट, म्हणजे हा प्रोसेसर बोर्डावर जिथे बसतो ती जागा, आता जुने झाले, २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर जाऊ या का, हा विचारही झाला. एएम५ चा रस्ता पुढे लांब आहे हे खरे, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग असतात. उलट एएम४ वर २०१७ पासून इतके प्रोसेसर येऊन गेले आहेत की, उद्या तिला आठ कोअरचा जुना प्रोसेसर सेकंड हँड घेऊन याच बोर्डावर बसवता येईल. कमी बजेटमध्ये मला हे नव्या सॉकेटपेक्षा जास्त मोलाचे वाटते.

बाजाराचा हंगामही पाहावा लागतो. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या खननामुळे (ग्राफिक्स कार्डांवर आकडेमोड करून नवे चलन मिळवण्यामुळे) आणि चिपच्या टंचाईमुळे सुटी ग्राफिक्स कार्डे मिळेनाशी झाली होती, तेव्हा असेंबल करण्याचा माझा हट्ट मी स्वतःच गुंडाळून ठेवला होता, कारण वाजवी भावात कार्ड हवे असेल तर ते तयार संगणकाच्या पोटातच मिळत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने खननाची पद्धतच सोडून दिली आणि तो ताण सैलावला. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅमच्या किमती भराभर चढल्या. अशा वेळी जुन्या भावातल्या साठ्यातून बांधलेला तयार संगणक सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त निघू शकतो. म्हणून बेरीज खरेदीच्या आठवड्यातच करावी.

प्रत्यक्ष जोडणीला आम्हाला एक अख्खी दुपार लागली. मी शेजारी बसले होते आणि हात शक्यतो मागे ठेवले होते. एवढे दडपण घेण्याचे कारण नसते. भाग आपल्या जागी एकाच बाजूने बसतात आणि खरी कटकट होते ती कॅबिनेटच्या बटणाच्या आणि दिव्याच्या त्या बारीक तारांची. सगळे जोडून बटण दाबले, पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. भाचीचा चेहरा उतरला. मदरबोर्डवर ‘डीरॅम’ या अक्षरांशेजारचा बारीक दिवा लागलेला होता. वीज काढून तिने रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या आणि पुन्हा बसवल्या, तेव्हा एकीचा खट्ट असा आवाज आला, जो पहिल्या वेळी आलाच नव्हता. बोर्ड मोडेल या भीतीने पहिल्यांदा रॅम बसवणारे बहुतेक जण तिथे जोर कमी लावतात. दोनच पट्ट्या असतील तर त्या बहुतेक चार खाचांच्या बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या असतात, हेही तिने तेव्हाच पुस्तिकेतून वाचले. म्हणजे पुस्तिका वाचली ती घाबरल्यावर.

तयार संगणकाची एक बाजू मी तिच्यापासून लपवली नाही, ती वॉरंटीची. तिथे बिघाड कसलाही असो, तक्रार एकाच ठिकाणी नेता येते. असेंबल केलेल्या यंत्रात भागागणिक मुदत वेगळी असते, कोणता भाग बिघडला हे आधी आपल्यालाच शोधावे लागते, आणि संशयाच्या भागाला पर्यायी भाग घरात नसेल तर ते शोधणे कंटाळवाणे होते. ज्या घरात हे शोधणारे कोणी नाही, त्या घराला मी आजही तयार यंत्रच सुचवते; फक्त विक्रेत्याकडून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि विजेच्या पेटीचे मॉडेल लिहून घ्यायला सांगते. भाचीने त्यावर तोडगा काढला. आठही भागांची नावे, अनुक्रमांक आणि वॉरंटी संपण्याच्या तारखा तिने एका कागदावर लिहिल्या आणि तो कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवला. कागदाच्या तळाशी ‘ग्राफिक्स कार्ड’ असे लिहून त्यापुढची जागा तिने तेवढी मोकळी ठेवली आहे.