पूर वाढले की त्रिभुज प्रदेशही वाढतील का?

नद्यांच्या गाळावर काम करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. हवामान बदलाने पूर वाढणार, म्हणजे नद्या जास्त गाळ आणणार. मग समुद्र चढला तरी गंगेच्या नाहीतर आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या मुखाशी जमीनही तेवढीच वर येईल ना?

प्रश्न बिनबुडाचा नाही. प्रवाह दुप्पट झाला की गाळ सहसा दुपटीहून बराच जास्त वाहतो. पुराचं पाणी गाळणकागदातून गाळायचं, कागद वाळवून वजन करायचं, की दिसतंच. त्यातही बऱ्याच नद्यांत चढत्या पुराचं पाणी जास्त गढूळ. तीच पातळी ओसरताना आली की पाणी त्यामानाने निवळ, कारण सुटी माती आधीच वाहून गेलेली असते.

पण सगळीकडे गाळ वाढेलच असं नाही. मेकाँगच्या मुखाशी पोचणाऱ्या गाळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा चक्रीवादळांच्या पावसाने येतो. वादळांनी वाट बदलली की तो घटतो. शिवाय धरणं आहेतच. ४७ मोठ्या त्रिभुज प्रदेशांचा २०१९ साली अंदाज मांडला गेला, त्यात शतकाअखेर ३३ ठिकाणी गाळ कमी होताना दिसला. हवामानाने घातलेली भर धरणं आणि जमिनीच्या वापरातले बदल खाऊन टाकतात.

आणि समजा, गाळ आला. तो जमिनीवर चढणार कुठून? माझ्या मते खरी मेख इथे आहे. बांगलादेशाच्या नैर्ऋत्येला १९६०च्या दशकापासून बेटांभोवती मातीचे बांध घातले. भरतीचं गढूळ पाणी आत येईना, जमीन दबत गेली. अशा एका बेटावर मोजलं तर शेजारच्या, बांध नसलेल्या सुंदरबनापेक्षा ती एक ते दीड मीटर खाली निघाली. २००९ मध्ये आयला वादळात तिथले बांध फुटले आणि काही भागांत जवळजवळ दोन वर्षं भरतीचं पाणी येत राहिलं. लोकांचे अतोनात हाल झाले. पण तेवढ्या काळात आत एरवी साचायला कित्येक दशकं लागतील इतका गाळ बसला.

त्याच भागातल्या खुलना-जशोरकडच्या शेतकऱ्यांना हे नवीन नव्हतं. तुंबलेल्या पाण्याला वैतागून त्यांनी १९९०च्या दशकातच काही ठिकाणी स्वतः बांध कापून गढूळ भरती आत घेतली होती. पुढे सरकारनेही ती पद्धत उचलली. अडचण एवढीच, की ज्याच्या शेतात पाणी सोडायचं त्याचं पीक काही वर्षं जातं, आणि भरपाईवरून भांडणं होतात.