खारपट्टीतलं भात आणि उघाडीचं दार

‘खाऱ्या पाण्यानं भात गेलं’ असं आपण सरसकट म्हणतो. पण पाणी नेमकं कधी शिरलं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

मी राहते सीवूडला, पण काकांची खारजमीन उरणच्या बाजूला आहे, बांधाच्या आत. मागच्या उधाणाला उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या वाटेच्या, मोडक्या दारातून खाडी दोन खाचरांत शिरली. लावणी नुकतीच झालेली. मी गेले तेव्हा जुन्या पानांचे शेंडे पांढुरके पडून वळले होते, मधलं कोवळं पान मात्र हिरवं होतं. खारामुळे खाचरात पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही. मग सोडियम आत शिरतं, जुन्या पानांत साठत जातं आणि ती आधी जळतात. सोडियमला वर कोवळ्या पानांपर्यंत पोचू न देणारा वाण तगतो. केरळचं पोक्कळी त्यासाठीच जगभर नावाजलं. आपल्याकडे भुरा राता, काळा राता हे जुने वाण होतेच, पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल १, २, ३ आले. साध्या भाताचं उत्पन्न मातीची क्षारता ३ डेसीसायमन प्रतिमीटरच्या वर गेली की घटायला लागतं. समुद्राचं पाणी ५०च्या घरात असतं!

रुजताना भात मीठ बऱ्यापैकी सोसतं. दोन-तीन पानांचं रोप फार हळवं. फुटवे येताना ते पुन्हा तग धरतं, आणि पोटरीत (लोंबी पोटात असताना) व फुलोऱ्यात परत नाजूक होतं. मला भीती या शेवटच्या टप्प्याची वाटते. शेत हिरवंगार दिसतं, लोंबीही बाहेर पडते, पण दाणा चिमटीत दाबला की आत काहीच नसतं. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या उन्हानं जमिनीतलं मीठ वर चढतं, म्हणून इथे लवकर तयार होणारा वाण बरा.

आजी म्हणायची, “पानी परू दे, मीठ धुवून जाऊ दे, मंग आवन.” आवण म्हणजे लावणीची रोपं. पहिल्या पावसाचं पाणी खाचरात कोंडायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं, पुन्हा कोंडायचं. रोपं जरा जून करून लावायची, चुडात (एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत) काड्याही जास्त. कृषी विद्यापीठाची माणसं आज हेच सांगतात.

काकांनी मेलेल्या जागी उरलेलं आवण लावलंय. दारासाठी अर्ज दिलाय, पण फुलोरा अर्जासाठी थांबणार नाही. भाद्रपदातल्या पुनवेच्या उधाणाआधी दार बसायलाच हवं, म्हणून गावानं वर्गणी काढून लाकूड आणलंय. रविवारी सगळे बांधावर जमतोय.